मदत कोणत्या नात्यानें?

निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वेदगंगेच्या कांठीं, कागल तालुक्यांतील मुरगूड वसलें आहे. नगरपालिका आहे म्हणून त्यास शहर म्हणावें, तर चहूंबाजूंस उसाचीं शेतें आहेत. खेडें म्हणावें, तर बाजारपेठ, विद्यालय, महाविद्यालय हीं सर्व तेथें आहेत. हिंवाळ्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला, कीं एका अंगास बिद्रीचा आणि दुसऱ्या अंगास हमीदवाड्याचा सहकारी साखर कारखाना रात्रंदिवस चालूं लागतो, आणि रस्त्यावरून उसाच्या गाड्यांची रीघ लागते. ह्या दिवसांत तेथील एखाद्या चौकांत घटकाभर उभें राहणाऱ्यास तीन प्रकारचीं माणसें सहज दिसतील. एक, कारखान्याच्या कायम नोकरींत असलेला कामगार. त्याच्या पगारांतून भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता दरमहा कापला जातो आणि कारखानाही त्यांत आपला वांटा घालतो. दुसरी, एखादी भूमिहीन वृद्धा. सरकारचें निराधार अनुदान बँकेंतील खात्यावर जमा झालें कीं नाहीं, हें पाहण्यास ती आलेली असते. आणि तिसरें, बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून कोयता घेऊन आलेलें जोडपें. त्याच्या पगारांतून कांहींच कापलें जात नाहीं, कारण त्यास पगारच नाहीं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं तें ऊंस तोडीत असतें.

तिघेही एकाच राज्याचे नागरिक. मतपेटींत तिघांच्याही मताची किंमत एकच. परंतु आजार, अपघात किंवा म्हातारपण ओढवलें असतां राज्यानें मदत करावी ती कोणत्या नात्यानें, ह्या प्रश्नाचीं उत्तरें तिघांच्या बाबतींत अगदीं निराळीं आहेत. पहिल्यास ती हप्ता भरणारा म्हणून मिळते. दुसरीस गरीब म्हणून मिळते. तिसऱ्यास बहुधा मिळत नाहीं. कल्याणकारी राज्य हा शब्द आपल्याकडे असा वापरला जातो, जणूं तो एकाच वस्तूचा वाचक आहे. वस्तुतः त्या एका नांवाखालीं परस्परांहून भिन्न अशा दोनतीन वस्तू नांदत असतात, आणि त्यांच्यांतील भेद रुपयांच्या रकमेंत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. तो नात्यांत सांपडतो.

हप्त्याचें नातें जर्मनींत जन्मास आलें. तेथील मुख्य प्रधान बिस्मार्क हा कांहीं मजुरांचा कैवारी नव्हे. १८७८ सालीं समाजवादी पक्षावर बंदी घालणारा कायदा त्यानेंच करविला, आणि त्याच पक्षाकडे वळणारे कामगार राज्यास बांधून घ्यावे म्हणून १८८३ सालीं आजारपणाचा, १८८४ सालीं अपघाताचा व १८८९ सालीं वार्धक्य आणि अपंगत्व ह्यांचा विमा सक्तीचा केला. आजारपणाच्या विम्यांत दोन तृतीयांश वांटा कामगाराचा आणि एक तृतीयांश मालकाचा असे. अपघाताचा सगळा भार मालकावर. वार्धक्यवेतन सत्तराव्या वर्षीं मिळावयाचें, आणि त्या काळीं किती गिरणी कामगार सत्तरी गांठीत असतील ह्याचा विचार बिस्मार्कनें केला नसेल असें नाहीं. हेतु कसाही असो, योजनेंत एक मोठा गुण होता. आजारी पडलेला कामगार पैसे मागण्यास जाई, तेव्हां तो कोणाच्या दारीं हात पसरीत नसे. स्वतः भरलेल्या पैशांतून आपला वांटा उचलीत असे.

दोषही तेथेंच होता. ज्यास नियमित वेतन नाहीं, ज्याचा मालक कोण हेंच ठरत नाहीं, त्यानें हप्ता कोठून भरावा? अमेरिकेनें १९३५ सालीं सामाजिक सुरक्षिततेचा कायदा केला, तेव्हां शेतमजूर आणि घरगडी ह्यांना वार्धक्याच्या विम्यांतून वगळलें. दक्षिणेकडील बहुसंख्य कृष्णवर्णीय मजूर त्यामुळें आपोआप बाहेर राहिले. आपल्याकडे १९४८ सालीं कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगारास औषधोपचार व वेतनाचा कांहीं भाग देणारी ती योजना खरोखर मोलाची होती. पण हंगामी कारखाने तींतून वगळलेले होते, आणि हंगामी धंद्यांच्या त्या यादींत साखर व गूळ हे शब्द स्पष्ट लिहिलेले होते. कोल्हापूरच्या माणसास ह्याचा अर्थ विशद करून सांगण्याची जरूर नाहीं.

गरिबीचें नातें ह्याहून पुष्कळ जुनें. इंग्लंडांत १८३४ च्या कायद्यानें असा दंडक घातला, कीं धडधाकट माणसास मदत हवी असेल, तर त्यानें दरिद्रगृहांत येऊन राहावें. आणि तेथील जिणें बाहेरच्या अत्यंत हलक्या मजुराच्या जिण्याहूनही कष्टाचें असावें, म्हणजे गरजेवांचून कोणी येणार नाहीं. नवरा एका भागांत, बायको दुसऱ्या भागांत, मुलें तिसऱ्या भागांत. ह्या व्यवस्थेची इंग्रज गरिबांनीं इतकी धास्ती घेतली, कीं पुढें १९०८ सालीं सत्तर वर्षांवरील गरजू वृद्धांस आठवड्यास पांच शिलिंगपर्यंत वेतन देण्याचें ठरलें, तेव्हां सरकारनें तें दरिद्रगृहांतून न देतां टपालकचेरींतून दिलें. टपालकचेरींत सगळेच जातात. तेथें उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून हा भिकेस लागला असें कोणी म्हणत नाहीं. रक्कम लहान होती. तरीही जागा बदलली, आणि जागेबरोबर नातेंही बदलूं लागलें.

१९४२ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या बेव्हरिज ह्यांच्या अहवालानें हें नातें आणखी पुढें नेलें. हे बेव्हरिज जन्मले आपल्याच बंगालांत, रंगपूर येथें. वडील तिकडे मुलकी नोकरींत होते. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि बेकारी हे पांच राक्षस मारावयाचे, आणि त्यासाठीं योजना करावयाची ती केवळ गरिबांची नव्हे, सर्व प्रजेची, असें त्यांनीं मांडलें. ५ जुलै १९४८ रोजीं तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली; तीं रुग्णालयें उमराव आणि खाणमजूर ह्या दोघांसाठीं उघडीं झालीं, आणि खर्च करांतून भागविला जाऊं लागला. स्वीडननें १९१३ सालींच जवळजवळ सर्व प्रजेस लागू होणारें वार्धक्यवेतन सुरू केलें होतें. १९४८ पासून तेथें मुलांच्या संगोपनासाठीं मातेस भत्ता मिळूं लागला. तो देतांना नवऱ्याची मिळकत विचारीत नसत. श्रीमंताच्या घरींही तो भत्ता कां द्यावा, असा प्रश्न साहजिक पडतो. त्याचें उत्तर असें, कीं श्रीमंताकडून कराच्या रूपानें तो परत घेतां येतो. पण गरिबास वेगळें काढून, त्याची तपासणी करून दिलेल्या पैशांतून जी मान खालीं जाते, ती मागाहून वर करतां येत नाहीं.

डेन्मार्कचे समाजशास्त्रज्ञ एस्पिंग-अँडरसन ह्यांनीं १९९० सालीं पाश्चात्य देशांची अशीच तीन गटांत विभागणी केली, आणि पुष्कळ विद्वान आजही तिचा आधार घेतात. ती विभागणी उपयुक्त आहे. मात्र तींत कोल्हापूर कोठें बसवावें असा प्रश्न केल्यास ती अडखळते.

कारण ह्या मुलखांत ह्या विचाराची आपली अशी परंपरा आहे. कागलच्या घाटगे घराण्यांत १८७४ सालीं जन्मलेले आणि पुढें दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर आलेले शाहू महाराज १८९४ सालीं राज्यकारभार पाहूं लागले. दोनच वर्षांत दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. स्वस्त धान्याचीं दुकानें, शेतकऱ्यांस तगाई, निराश्रितांसाठीं आश्रम, एवढेंच नव्हे तर दुष्काळी कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठीं शिशुगृहेंही त्यांनीं काढलीं. मुरगूडजवळचा सर पिराजीराव तलाव महाराजांच्या धाकट्या बंधूंचें, म्हणजे कागलच्या जहागीरदारांचें नांव आजही चालवीत आहे. पाण्याची सोय हें राजाचें कर्तव्य, ही भावना त्या घराण्यांत मुरलेली होती. परंतु हें सर्व राजधर्माच्या जुन्या कल्पनेंत बसणारें होतें. संकट आलें म्हणजे राजानें धांवून जावें, आणि रयतेनें दुवा द्यावा.

१९१७ सालीं जें घडलें, तें ह्या कल्पनेंत बसत नाहीं. त्या वर्षीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्यांत आलें. नामदार गोखल्यांचें तशाच आशयाचें विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळांत १९१२ सालीं फेटाळलें गेलें होतें. सयाजीराव महाराजांनीं बडोद्यांत १९०६ सालीं तें करून दाखविलें होतें. कोल्हापूरच्या कायद्यांत मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता, आणि मजुराच्या हिशेबीं त्या काळचा रुपया लहान नव्हता. मोफत आणि सक्तीचें, हे दोन शब्द एकत्र उच्चारले, कीं दानाची भाषा संपते. जें घेतलें नाहीं तर दंड होतो, त्यास कोणी भीक म्हणत नाहीं. १९१९ सालीं महाराजांनीं त्यापुढचें पाऊल उचललें: अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेंत घेण्याचा हुकूम काढला. वेगळ्या शाळाही फुकट होत्याच, पैशाच्या दृष्टीनें तेथें कांहीं कमी दिलें जात होतें असें मानलें नाहीं, तरीही त्या वेगळ्या होत्या, आणि वेगळेपण हीच खरी इजा होती.

येथें एक गोष्ट नजरेआड करूं नये. सर्वांस सारखें देणारा हाच राजा १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवतो, आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें निघावीं म्हणून जागा व पैसा देतो. ह्यांत विसंगति शोधणारे त्या वेळींही होते व आजही आहेत. पण शाळेचें दार सर्वांस उघडें केल्यावर दूरच्या खेड्यांतील कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलानें रात्रीं राहावें कोठें, हा प्रश्न उरतोच. जे मागें लोटले गेले त्यांस अधिक द्यावें लागतें. मात्र तें सर्वांच्या व्यवस्थेवर चढविलेल्या मजल्यासारखें असावें, निराळ्या झोंपडीसारखें नसावें.

हप्ता, गरिबी आणि नागरिकत्व ह्या तीन नात्यांत महाराष्ट्रानें पुढें चवथ्याची भर घातली. दुष्काळांत खडी फोडण्याचें काम देऊन मजुरी द्यावयाची, ही इंग्रज सरकारची पद्धत. काम मुद्दाम कष्टाचें असे, म्हणजे खरा गरजूच येईल. १८३४ च्या दरिद्रगृहाचीच ही देशी आवृत्ति. सांगली जिल्ह्यांतील विसापूरचे वि. स. पागे ह्यांनीं ती कल्पना उलटी केली. काम ही गरिबाची परीक्षा नसावी, तो त्याचा हक्क असावा, असें त्यांनीं धरलें. १९६५ च्या सुमारास तासगांव तालुक्यांत प्रयोग झाला, १९७२ च्या भीषण दुष्काळांत योजनेचा विस्तार झाला, आणि १९७७ सालीं विधिमंडळानें संमत केलेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम द्यावयाचें, न दिल्यास बेकारीभत्ता द्यावयाचा. उत्पन्नाचा दाखला नको, जातीचा नको, कोणाची शिफारस नको. अंगमेहनत करण्याची तयारी पुरे. कामांवर स्त्रियांची संख्या मोठी राहिली, हा त्या मोकळ्या दाराचाच परिणाम होय. २००५ सालीं केंद्रानें देशभर कायदा केला तो ह्याच धर्तीवर.

ह्या योजनेचा पैसा कोठून आला, हें शहरांतील कुटुंबांस ठाऊक असावयास हवें, कारण तो त्यांच्याच घरांतून गेला आहे. १९७५ सालीं व्यवसायकर बसला तो ह्याच कामासाठीं. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या वेतनपत्रकावर महिन्याकांठीं दोनशें रुपयांची जी एक ओळ असते, तिचें मूळ तासगांवच्या बांधबंदिस्तींत आहे. बागायत जमिनीवरही त्यासाठीं वेगळी आकारणी ठेवण्यांत आली होती. म्हणजे पाणी ज्यास मिळालें त्यानें आणि नोकरी ज्यास मिळाली त्यानें, ह्या दोहोंपैकीं कांहींच ज्यास मिळालें नाहीं त्याच्या कामाची हमी द्यावयाची. बिस्मार्कचा विमा कामगार व मालक ह्यांच्यांतला होता. हा शहर आणि दुष्काळी खेडें ह्यांच्यांतला. असला करार दुसऱ्या एखाद्या देशांत झाला असता, तर त्यावर ग्रंथ निघाले असते. आपल्याकडे पगारदार तो कर कसला म्हणून विचारीतही नाहीं.

आतां उसाच्या फडांतील जोडप्याकडे वळावयास हरकत नाहीं. रोजगार हमीचें काम त्याच्या गांवीं, आणि तें सहा महिने वेदगंगेच्या कांठीं. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांच्या श्रमाचा हिशेब एकाच नांवावर. त्यांतील एकजण आजारी पडला आणि काम बुडालें, तर मुकादम त्याचा खाडा धरतो, म्हणजे त्या दिवसाची कमाई तर बुडतेच, शिवाय दंड उचलीच्या हिशेबांत चढतो. ह्या एका शब्दावर क्षणभर थांबणें अवश्य आहे. १८८३ च्या जर्मन कायद्याप्रमाणें आजारी कामगारास आजारपणाचे पैसे मिळत; त्यानंतर सवाशें वर्षें उलटल्यावरही साखरेच्या मुलखांत आजारी मजूर आजारपणाचे पैसे भरतो. बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड करणाऱ्या स्त्रियांपैकीं पुष्कळांनीं तरुण वयांतच गर्भाशय काढून टाकल्याचें उघडकीस आलें, आणि २०१९ सालीं राज्य सरकारनें चौकशीस समिति नेमली. त्या शस्त्रक्रियांस कारणें अनेक होतीं, त्यांत खाड्याची धास्ती हेंही एक होतें.

मार्ग नव्हता असें नाहीं. हमालांचाही मालक रोज बदलतो, तरी १९६९ च्या माथाडी कायद्यानें त्यांच्यासाठीं मंडळें नेमलीं. मजुरी मंडळांत जमा व्हावयाची, तिच्यावर मालकानें अधिभार भरावयाचा, आणि त्यांतून भविष्यनिर्वाह, रजा, दवाखाना ह्यांची सोय व्हावयाची. आण्णासाहेब पाटील ह्यांच्यासारख्यांच्या झगड्यांतून तो कायदा आला. ऊंसतोड मजुरांसाठीं गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवाचें महामंडळ निघालें, आणि उसाच्या टनामागें दहा रुपये कारखान्यानें व तितकेच सरकारनें द्यावे असें ठरलें. पैसा उभा करण्याची ही रीत योग्यच. परंतु जोंवर मजुरी मुकादमाच्या हातून जाते, तोंवर माथाडी मंडळाचा मुख्य प्राण ह्या योजनेंत नाहीं.

राहिली ती निराधार वृद्धा. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. तिच्यासाठीं कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ वर्षाकांठीं २१ हजार रुपये राहिली. भागाकार केला तर दिवसास अठ्ठावन्न रुपयांच्या आंतबाहेर हिशेब येतो. ज्या घरांत कोणी एकजणही रोज मजुरीस जातो, तें घर ह्या मर्यादेंत राहील कसें? म्हणून दाखला मिळविण्यासाठीं उत्पन्न कमी सांगावें लागतें, तें लिहून घेणाऱ्यास माहीत असतें कीं तें खरें नाहीं, आणि देणाऱ्यासही. गरिबीच्या नात्यानें दिलेल्या मदतींत हा खोटेपणा दोन्ही बाजूंच्या अंगवळणीं पडतो, आणि एखाद्या दिवशीं छाननी निघाली म्हणजे वृद्धेच्या पोटांत गोळा येतो. २०२४ सालीं राज्यानें स्त्रियांस दरमहा दीड हजार रुपये देण्याची योजना काढली, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख होती, म्हणजे ती बरीच व्यापक होती. तरी दुसऱ्याच वर्षीं नांवांची तपासणी सुरू झाली आणि पुष्कळांचीं नांवें गळलीं. ज्या यादींत नांव घालणें सरकारच्या हातीं, तींतून तें काढणेंही सरकारच्याच हातीं.

सर्वांच्या व्यवस्थेची तशी गोष्ट नाहीं. मात्र तिला एक अट आहे, आणि ती अट सुशिक्षित कुटुंबांनीं पाळावयाची आहे. जी शाळा, जें रुग्णालय बोलत्या वर्गास लागतें, त्यांतील गळकें छप्पर वर्तमानपत्रांत येतें. ज्यांतून तो वर्ग निघून गेला, त्यांतील छप्पर गळतच राहतें. इंग्लंडांत आरोग्यसेवेस हात लावावयास सर्व पक्ष कचरतात, कारण त्या रांगेंत त्यांचे मतदार सगळेच उभे असतात. महाराष्ट्रांतील शहरवासीयांनीं सरकारी शाळा सोडली ती कांहीं कोणाचें वाईट व्हावें म्हणून नव्हे. प्रत्येक आईबापांनीं आपल्या मुलाचें भलें पाहिलें. परिणाम मात्र असा झाला, कीं शाहू महाराजांनीं १९१९ सालीं बंद केलेली वेगळी शाळा दुसऱ्या रूपानें परत आली. आतां ती जातीनें नव्हे, फीनें वेगळी आहे.

वेदगंगेच्याच कांठीं, मुरगूडच्या वरच्या अंगास गारगोटी आहे. तेथें १९५२ सालीं मौनी विद्यापीठ उभें करणाऱ्यांत जे. पी. नाईक हे प्रमुख होते. ते ह्याच जिल्ह्यांतील आजरा तालुक्याचे. पुढें कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. त्या आयोगानें १९६६ च्या अहवालांत शेजारशाळेची शिफारस केली: वस्तींतील सर्व मुलें, डॉक्टराचीं आणि मोलकरणीचीं, एकाच शाळेंत जावीं. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें समान शाळापद्धतीचें तत्त्व मान्य केलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खासगी शाळांच्या पहिल्या वर्गांतील पाव जागा दुर्बल घटकांच्या मुलांस देवविल्या, आणि त्या जागांसाठीं सोडत निघूं लागली. सोडतींत ज्यांचें नांव येत नाहीं, त्यांची शाळा कोणती, हा प्रश्न आयोगानें १९६६ मध्यें सोडविलेला होता.